चार बोटं खाली आलेला खिळा

मी होला, पारव्याच्या जातीचं पाखरू, बोलतोय. जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या एका अंगणात, उंच बांबूच्या टोकाला टांगलेल्या पिंजऱ्यातून. खाली उभे आहेत ते माझे कार्सोनो आजोबा.

आम्हा जावावाल्यांत घर, बायको आणि गाणारा होला असला की बाप्यामाणूस भरून पावतो. आजोबांचा जन्म छपराखाली बातिकचे ठसे मारण्यात गेला. ऊन म्हणून अंगाला लागलं नाही. मला मात्र रोज सकाळी न चुकता उन्हात चढवायचे आणि पिंजऱ्याची दोरी बांबूवरच्या खिळ्याला गुंडाळायचे. चोच घासायला समुद्रफेनाचा तुकडा द्यायचे. "खा रे बाळा, हाडं धरली पाहिजेत तुझी." स्वतः जाकीट, कानटोपी चढवून ओसरीच्या सावलीत बसायचे, अंगात वारा शिरेल म्हणून!

हात वर केला की तो खिळा एके काळी त्यांच्या तळव्याशी यायचा. मग बोटांच्या टोकांशी गेला. पुढे तर टाचा उंचावाव्या लागल्या. मला वाटलं, हा वाळका बांबू वाढतोय की काय!

"अहो, खिळा खाली घ्या की," तुमिनी आजी म्हणायच्या.

"खिळा आहे तिथेच आहे. जमीन खचलीय."

एका सकाळी टाचा उंचावून दोरी ओढताना त्यांच्या पाठीत कळ आली आणि ते मटकन खाली बसले. पिंजरा धाडकन आपटला. पहिला शब्द काय, तर "होला बरा आहे ना?" असा जीव माझ्यावर.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. मणका चेपला होता, हाडं ठिसूळ झाली होती. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आठवड्याला एक औषध आणि सकाळचं ऊन, असं सांगितलं.

"हे बायकांचं दुखणं," आजोबा पुटपुटले.

"हाडांना कुठे कळतं आजोबा, बाई की बाप्या?"

तरी ऐकतील तर शपथ! आजींची पाठ वळली की कॅल्शियमची गोळी कुटून माझ्या दाण्यांत. "तू गा रे. माझं काय राहिलंय आता?" ते ऐकून माझ्या गळ्यातून सूरच फुटेना. तिसऱ्या दिवशी मी वाटी उलटवली. पांढरी भुकटी आजींच्या पायावर सांडली.

आजींनी बोट लावून पाहिलं आणि त्यांना रडू कोसळलं. "पाखराला ऊन, पाखराला समुद्रफेन, आता गोळ्यासुद्धा? माझ्यासाठी नको, पण उद्या तुम्ही उठला नाहीत तर याला वर कोण चढवणार? मला दोरी ओढवत नाही हो!"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी गोळीसाठी पाण्याचा पेला मागितला.

झाले आठ महिने. औषधं चुकली नाहीत. भातावर काट्यासकट सुक्या मासळीची चटणी, आणि सकाळी बाह्या सरसावून उन्हात खुर्ची, शेजारी जमिनीवर माझा पिंजरा. कळ गेली, चालणं सुधारलं. उंची काही परत आली नाही.

डॉक्टरीणबाईंनी काल दोरीला हात लावायची परवानगी दिली. आज आजोबा हातोडी घेऊनच आले. खिळा उपटला आणि चार बोटं खाली ठोकला.

"जमीन नव्हती खचली गं," ते हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे मला," आजी म्हणाल्या आणि त्यांनी पिंजऱ्याला खालून हात दिला.

मी वर पोचलोय. आजोबा, आता ती हातोडी ठेवा, बाह्या सरसावा आणि बसा बघू उन्हात. मी गातोय.