कमानीखालचे उभे

तिने कमानीवर हातोडीने पुन्हा हळूच ठोकून पाहिलं. बाकीचे दगड खणखणले. माथ्यावरच्या मधल्या, कळीच्या दगडाला लागून असलेला डावीकडचा मात्र बद्द वाजला, तडा गेलेल्या मडक्यासारखा.

बाजाराच्या नव्या आवाराची ही कमान तिने स्वतः रचलेली पहिली. आता सुतार पाचरी काढणार, कमान तोलून धरणारा खालचा लाकडी सांगाडा उतरणार आणि त्या वेळी रचणाऱ्याने कमानीखाली उभं राहायचं, ही तिच्या गवंडी घराण्याची रीत. त्यावरूनच आडनाव पडलं, उभे. पणजोबा म्हणे सांगाडा निघताना खाली हसत उभे होते. आत्याने तिला मांडीवर घेऊन कितीदा गायलं होतं:

दगडाच्या गं छातीखाली पणजा तुझा उभा राही,
काळ आला दारापाशी, पापणी गं हलत नाही.

मांडीवर ऐकायला ओवी गोड होती. आता वर पाहिलं की त्या दगडांना डोळे फुटल्यासारखे वाटत, आणि ते सगळे तिच्याकडेच बघत.

तिने बाबांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, चुना ओला असेल, ओल्यात दगड असाच बोलतो; पहिल्या खेपेला मलाही असंच वाटलं होतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, सगळे बघतायत. पलीकडून सुताराने विचारलंच, काय मिस्त्रीणबाई, कमान म्हातारी व्हायची वाट बघताय का?

"मी नाही उभी राहणार," ती म्हणाली.

बाबांचा चेहरा उतरला. ते स्वतःच कमानीखाली जाऊन उभे राहिले आणि सुताराला म्हणाले, "काढ पाचर."

सुताराने हातोडा उचलला तशी वाळूच्या ढिगावर बसलेली आत्या उठली, आत शिरली आणि तिने भावाची बाही धरली.

"दादा, बाहेर ये. आजोबा हसत-बिसत नव्हते रे. आजीने सांगितलंय मला. भीतीनं पाय गोठले होते त्यांचे. दोघांनी ओढलं तरी हलेनात. लोकांनी चिडवायला नाव ठेवलं, उभे."

"आणि तुझी ओवी?" बाबांनी विचारलं.

"पापणी हलत नव्हती, ते खरंच आहे की."

बाबा तरी हलले नाहीत. जवळ गेल्यावर तिला दिसलं, त्यांचे गुडघे लटपटत होते. दोघींनी दोन दंड धरून त्यांना बाहेर आणलं.

सुताराने पाचरींना दोर बांधून दुरून ओढला. सांगाडा कण्हत खाली बसला. सगळ्यांनी तो दोरानेच ओढून बाहेर काढला. वरून धूळ झरली, एक खडा टपकन पडला. कमान राहिली. कुणीतरी हसून म्हणालं, आता आडनाव बदलून पळे करा.

तिला हसू येईना. तिने कडेला उभं राहून लांब काठीने तो दगड ठोकला. तसाच बद्द. आणि आता त्याच्या पोटावर केसाएवढी रेघ उमटली होती. उद्या इथून डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया जातील, त्यांच्या पदराला धरून पोरं जातील.

"टेकू परत लावा," ती म्हणाली. "दगड बदलायचाय."

सुताराने रेघ पाहिली. टेकू लावायला खाली जावं लागणार होतं, आणि कुणी पुढे येईना.

तिने वासा उचलला. भीती कुठे गेली नव्हती; वाशाचं टोक हवेत थरथरत होतं. दुसरं टोक एकदम हलकं झालं. बाबांनी खांदा दिला होता.

"वर बघू नकोस," ते म्हणाले.

ती वरच बघत आत शिरली.