दुसरा बाक

सर्वणच्या मातीत कावीळ टिकत नाही. ही गोष्ट देवळाच्या मंडपात इतक्या गंभीरपणे सांगितली जाई, की गोव्याची भाषा कोकणी की मराठी यावरून एकमेकांच्या घरचा चहा सोडलेली माणसेही तिथे एकदम मान डोलावत. श्रेय गावचे वैद्य काशिनाथ यांच्या मुळीला. रविवारी उपाशीपोटी ताकातून मुळी, महिनाभर मासळी बंद, की डोळे पुन्हा पांढरे.

टिकली होती ती फक्त काशिनाथांच्या घरात. मुलाच्या, अविनाशच्या, रक्तात.

बहारीनच्या नोकरीसाठी म्हापशाच्या एजंटाने रक्त तपासून घेतले तेव्हा ते कळले. बी प्रकारची कावीळ, जुनी, अंगात मुरलेली. व्हिसा नाही. काशिनाथांनी वर्षभर त्याला मुळी पाजली. रक्त होते तसेच राहिले. मग त्यांनी गावात सांगितले, "पोराचा पाय निघत नाही. घराण्याचं औषध सोडून अरबांकडे कशाला, म्हणतो."

गावाने अविनाशला शाल दिली. शाल मिळालेल्या माणसाला लिव्हर तपासायला डिचोलीच्या दवाखान्यात उभे राहता येत नाही. रांगेत कोणीतरी सर्वणचे असतेच.

गोवा राज्य होऊन दहाएक वर्षे झाली असतील, तेव्हा पणजीहून डॉक्टर सिद्धी आल्या. ओसरीवर बसून त्यांनी काशिनाथांना समजावले, "मोठ्या माणसाला बी कावीळ झाली, तर बहुतेकांचं शरीर ती स्वतःच काढून टाकतं. काहींच्या अंगात ती ठाण मांडते. शरीराचे राखणदार विषाणूला नीट ओळखतात की नाही, हे काही अंशी आईबापांकडून आलेल्या जनुकांवर असतं. ते शोधायला दोन्ही प्रकारची माणसं हवीत. ज्यांच्यात राहिली, त्यांची तपासणी आम्ही पुढेही करू. फुकट."

यातून काशिनाथांना एवढेच ऐकू आले, की सरकार मुळी तपासायला आले आहे.

रविवारी रक्त घेण्यासाठी शाळेतून दोन बाक आणले. एक बरे झालेल्यांचा, दुसरा न झालेल्यांचा. पहिल्यावर माणसे मावेनात. दुसऱ्यावर कोंबडी बसली होती.

आत अविनाशची बहीण प्रतीक्षा काचेच्या कोपांत चहा ओतत होती. कॉलेजच्या वयात एकाच कंपाउंडरच्या एकाच सुईने दोघांना कावीळ दिली होती. तिची गेली, त्याची राहिली.

"दादा, जा, बस. फुकट लिव्हर बघतायत."

"आणि बाबांचं काय?"

"बाबांचं लिव्हर बरं आहे."

बाहेर भिकाजी, मुळीचा सर्वांत जुना लाभार्थी, ओरडत होता, "डॉक्टरबाय, तो बाक परत न्या! हंयसर बरो न झालेलो मनीस मेळचो नाय!"

अविनाशने बाहेर येऊन हातातले कोप खाली ठेवले, कोंबडी हुसकली आणि बसला. बाकाला पाठ नव्हती. समोर अख्खे गाव होते. काशिनाथांच्या हातातले ताक सांडले.

"मला आहे," अविनाश म्हणाला. "बी कावीळ. कधीपासूनची."

मग भिकाजीचे डोळे भरून आले. "बघा रे! डॉक्टरांचा खोळंबा नको म्हणून पोर आपल्यावर घेता! असो पूत, असो झील होयो!"

टाळ्या पडल्या.

"अहो भिकाजीकाका, मला खरंच आहे."

"हां रे बाबा, आसा, आसा," भिकाजी म्हणाला, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

महिन्याभराने डॉक्टर पुन्हा आल्या. अविनाशचा विषाणू जागा होता, लिव्हरला सूज धरू लागली होती. "प्रतीक्षाला आईकडून एक राखणदार मिळालाय, तुम्हाला तो नाही. त्या जागी तुम्हाला आईकडून दुसरा आलाय आणि वडिलांकडूनही तसलाच; दोघेही विषाणूला नीट ओळखत नसावेत. त्यामुळेच झालं, असं एका घरावरून सांगता येत नाही. पण पणजीला यायला लागा. सकाळची बस धरा."

काशिनाथांनी विचारले, "म्हणजे तो दोष माझ्याकडून आला?"

"अर्धा."

"मुळी मात्र सगळी माझ्याकडून," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

सकाळच्या बसच्या वेळी ओसरीवर आता माणसे उभी असतात. दुसऱ्या बाकाची गोष्ट पेडण्यापर्यंत गेल्याने बुधवारीही औषध द्यावे लागते. काशिनाथ तेव्हापासून आत बसून मुळी कुटतात; पाजतो अविनाश, आणि पणजीची बस निघून जाते.

गेल्या पावसाळ्यात त्याने ज्यांना पाजली, ते सगळे बरे झाले.