उर्मिलाच्या बायका घरी पोचतात

उर्मिला गेली त्याला चार महिने झाले होते, आणि एका रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरची नीलम उर्मिलाच्या नंबराचं बोलायला खाली आली.

"भावजी, वाईट वाटून घेऊ नका," ती दारातच म्हणाली, "पण पुस्तक तुमच्याकडे अडकलंय."

उर्मिलाचा नवरा दशरथ घाग तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत होता. बोलण्याच्या नादात दुसरी झाली की तिसरी हे त्याला कळेना, म्हणून त्याने गॅसच बंद केला. डाळ कच्ची राहिली, आणि त्याचा दोष त्याने मनातल्या मनात नीलमवर ठेवला.

नंबर म्हणजे भिशीचा. इंद्रलोक भागातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये बायकांची पैशांची भिशी होती, ती भांडणं होऊन मोडली. पण महिन्यातून एकदा जमून खायची सवय काही मोडेना. तेव्हा उर्मिलाने पुस्तकाची भिशी काढली. बारा बायका, बारा चिठ्ठ्या. जिची चिठ्ठी निघेल तिने एक कादंबरी वाचायची आणि बाकीच्या अकरा जणींना सांगायची. एकीने वाचायचं, बाराजणींचं वाचून व्हायचं. पहिले दोन-तीन महिने जिचा तिने नंबर पाळला. मग कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाची सासू आजारी, कोणाला दोन पानांतच झोप. "ताई, माझं तुम्हीच वाचा," असं करत करत सगळ्यांचे नंबर उर्मिलाच्या गळ्यात पडले, आणि सहा वर्षं तिने ते आनंदाने काढले.

"जानेवारीत खरोखरच ताईंची चिठ्ठी निघाली होती," नीलम म्हणाली. "पुस्तक घेतलं आणि फेब्रुवारीत..."

"मग तुम्ही अकरा जणी आहात की. वाचा कोणीतरी."

"असं नसतं भावजी. नंबर घराचा असतो. पैशांच्या भिशीतही माणूस गेलं तर घरच्यांनीच पुरा करायचा असतो. आणि आमचे सगळ्यांचे ताईंनी काढले, त्यांचा कोण काढणार?"

तीस वर्षं दशरथने भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश केलं होतं. वाचन म्हणाल तर पेपर, तोही मागच्या पानाकडून पुढे.

"मला कादंबरी कळत नाही," तो म्हणाला.

"कळायचं काय त्यात? लढाई असते, बाई असते, घर सुटतं. आणि शेवटी घरी पोचते. ताईंच्या बायका पोचायच्याच. गोदूबाई तर तेवढंच ऐकायला येते. 'घरा पोचली का?' विचारते, हो म्हटलं की वडा उचलते. येत्या शनिवारी चार वाजता, माझ्याकडे."

पुस्तक उर्मिलाच्या उशीखालीच होतं. अशी पुस्तकं ती का वाचते, हे त्याला कधी कळलं नव्हतं. सगळी एकाच जातीची. कुठल्या तरी देशात लढाई पेटलेली, पुरुष गेलेले किंवा पकडलेले, आणि बायका पोरं-बोचकी घेऊन चालताहेत. "आपल्या घरी सगळं नीट चाललंय, आणि तू बाहेरची रडारड विकत कशाला आणतेस?" असं तो म्हणायचा. "विकत नाही, लायब्ररीतून आणते," असं ती म्हणायची. जेवताना ती एखादीचं सांगू लागली की तो बातम्यांचा आवाज वाढवायचा. बातम्यांतही लढाईच असायची, पण ती लवकर संपायची आणि हवामान लागायचं.

तो सोमवारी वाचायला बसला. बाईचं नाव सोरिना. गावावर तोफा पडायला लागल्यावर ती दोन मुलं घेऊन निघाली, आणि बरोबर शिवणाचं मशीन घेतलं. दशरथला ते अजिबात पटलं नाही. मशीनचं नुसतं डोकं दहा-बारा किलोचं, एक पोर कडेवर, दुसरं हाताला, आणि ही बया ते डोक्यावर घेऊन डोंगर चढते? "अगं टाक ते," तो पुस्तकाला म्हणाला. वीस पानांनी तिने एका पुलावर मशीन देऊन त्याच्या बदल्यात मुलांसाठी ट्रकमध्ये जागा मिळवली. दशरथने पुस्तक खाली ठेवलं, पाणी प्यायला आणि पुन्हा उचललं. बाईला अक्कल होती म्हणायची.

एकशे अठ्ठ्याऐंशी पानावर लॉन्ड्रीची चिठ्ठी निघाली. उर्मिला इथवर आली होती.

तिथे तो दोन दिवस अडकला. रस्त्यात तो नेहमी भराभरा पुढे चालायचा आणि ती मागून "अहो, हळू" म्हणायची. आता पुढचं पान उलटलं की तो तिच्या पुढे जाणार होता, आणि मागून कोणी काही म्हणणार नव्हतं. शेवटी नीलम जिन्यात भेटली आणि "कुठवर आलं?" म्हणाली, तेव्हा शनिवारच्या भीतीने त्याने पान उलटलं.

आणि शेवट असा निघाला. अकरा वर्षांनी लढाई संपते. सोरिना आपल्या गावी परत येते. घर उभं असतं, फाटकही तेच. पण दोरीवर भलत्याच कोणाच्या मुलांचे कपडे वाळत असतात. ती थोडा वेळ बाहेर उभी राहते, मग वळते आणि बस स्टॉपवर जाऊन बसते. बस येते. पुस्तक संपतं.

दशरथने मागची दोन पानं चिकटली आहेत का ते पाहिलं. चिकटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पुस्तक घेऊन स्टेशनजवळच्या लायब्ररीत गेला. लायब्ररी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाचा अर्धा भाग, आणि तिथे राघो नावाचा चष्मेवाला माणूस.

"हे बदलून द्या," दशरथ म्हणाला. "खराब आहे."

"पानं गेलीत?"

"पानं आहेत. बाई घरी पोचत नाही."

राघोने चष्मा वर केला. "काका, लायब्ररी आहे ही, भाजी नाही."

"माझी बायको सहा वर्षं तुमच्याकडून नेत होती. घाग. तिच्या पुस्तकांतल्या बायका पोचायच्या. त्यातलं एक द्या."

"घागवहिनी?" राघोचा आवाज एकदम उतरला. मग तो हळूच हसला. "काका, त्यांना मी सत्तर-एक पुस्तकं दिली असतील. लढाईतली, फाळणीतली, निर्वासितांची. त्यातल्या दोन पोचल्या असतील. तीन म्हणा. बाकीच्या कुठल्या पोचतात? छावणीत राहतात, दुसऱ्या देशात धुणीभांडी करतात, काही तर मरतातच. मी वहिनींना म्हणायचो, एखादं हलकंफुलकं न्या. त्या म्हणायच्या, शेवटाचं मी बघते."

दशरथ पुस्तक घेऊन तसाच घरी आला. म्हणजे सहा वर्षं उर्मिला अकरा बायकांना चक्क खोटं सांगत होती. आणि आता त्याने सोरिनाचा शेवट खरा सांगितला, तर कोणीतरी विचारणारच, मग आधीच्या कशा पोचल्या? चार महिन्यांपूर्वी ज्या बायका तिच्यासाठी ढसाढसा रडल्या होत्या, त्यांच्यापुढे ती खोटारडी ठरणार. सोरिनाला घरी पोचवावं म्हटलं, तर ते त्याला जमणारं नव्हतं. तो खोटं बोलला की त्याला घाम फुटतो हे सासरीसुद्धा माहीत होतं. शुक्रवारपर्यंत त्याने विचार केला आणि एक मधला मार्ग काढला. हे एक खरं सांगायचं, आणि बाकीच्या पुस्तकांपुरतं एकच वाक्य खोटं बोलायचं. ते वाक्य त्याने आंघोळ करताना दोनदा पाठ केलं.

शनिवारी नीलमच्या हॉलमध्ये अकरा बायका बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या दिवाणावर गोदूबाई. ती मूळची जवळच्या मुर्धा गावची, सत्तरी कधीच ओलांडलेली. मुलाने गावातलं घर विकून तिला इथे तिसऱ्या मजल्यावर आणलं होतं. तिच्या शेजारी बँकेत जाणारी निशिगंधा, सगळ्यांत लहान.

दशरथने खिशातून कागद काढला आणि वाचायला लागला. "घरातून निघताना बाईने घेतलं ते असं. मुलं दोन. शिवणाचं मशीन एक. घोंगड्या दोन. रस्ता डोंगराचा, पाच दिवसांचा."

"काका, गोष्ट सांगताय की सामान उतरवून घेताय?" निशिगंधा म्हणाली.

"मध्ये बोलू नका. हरवेल माझं."

"बोला बोला. तिच्या अंगावर काय होतं?"

"कपडे."

हॉलभर हशा झाला. पण मशीन पुलावर दिलं तिथे सगळ्या पुढे सरकून बसल्या, आणि दशरथलाही कागदाकडे बघायची गरज राहिली नाही. तो सांगत गेला. फाटक आलं. दोरी आली.

"मंग?" गोदूबाई म्हणाली. "घरा पोचली का?"

नीलमने वड्यांची थाळी हातात धरली होती. दशरथने रुमाल काढला.

"नाही. दारातून परत गेली. बसमध्ये बसली."

मग त्याने एका दमात पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "पण हे एकच पुस्तक असं आहे, बाकीची उर्मिलाने सांगितली ती बरोबर होती, मी लायब्ररीत विचारून आलोय."

त्याच्या कपाळावरून घाम ओघळला. निशिगंधाने तोंडाला ओढणी लावली.

"काका, राहू द्या. त्यातली चार मी नंतर वाचली. ती डॉक्टरीण, बर्फातून चालत घरी आलेली? ती एकोणिसाव्या पानावरच मेलीय."

"मेली?" नीलमने थाळी टीपॉयवर आपटली. "अगं, तिच्या लेकीच्या लग्नात ती नाचली होती ना? ताईंनी साडीचा रंग सांगितला होता! मी घरी जाऊन ह्यांनापण सांगितलं!"

"लेकच नाहीये पुस्तकात."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुम्ही किती खूश होतात!"

दशरथ उठला. "तिला नावं ठेवू नका," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. "तिचा हेतू वाईट नव्हता."

"बस रं खाली," गोदूबाई म्हणाली. "कोन नावं ठेवतंय? मला काय ठाव न्हवतं? एवढ्या सगल्या बाया घरा पोचल्या, त लढाई कशाला म्हनायची तिला?"

"मग दर वेळी विचारायचात कशाला?" दशरथने विचारलं.

"आयकायला. मीबी गेल्ते गावच्या घरा, इकल्यावर. नव्या बाईनं पानी दिलं, फ्रीजचं. आनी 'चायिये क्या अम्मा' म्हनली. बरी हाय बिचारी. पन ते माझ्याच वट्यावर बसून प्याले मी." तिने वडा उचलला. "तुज्या पुस्तकातली मूरख. पानी तरी मागायचं व्हतं. पन सांगितलंस चांगलं. तुज्या बायकोवानी न्हाय, पन चांगलं."

दशरथ खाली बसला. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि मग लगेच एक गोष्ट खुपली. इथल्या अकराही जणींनी जे ऐकलं होतं, ते त्याने एकदाही ऐकलं नव्हतं.

"पोचायच्या म्हणजे कशा पोचायच्या?" त्याने विचारलं. "ती काय सांगायची?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीतरी फिसकन हसलं.

"खरंच माहीत नाही तुम्हाला?" नीलम म्हणाली. "अहो भावजी, रस्ते वेगवेगळे असायचे, पण शेवट एकच. बाई सात वर्षांनी घरी येते. पायात चप्पल नाही, डोक्यावर बर्फ. दार ढकलते. आत नवरा खुर्चीत पेपर वाचत बसलेला. मागच्या पानाकडून. तो वर बघतच नाही. नुसता म्हणतो..."

आणि अकरा बायका एका सुरात म्हणाल्या, "दार लाव, डास येतात!"

हसून हसून निशिगंधाच्या डोळ्यांतून पाणी आलं. दशरथ मात्र तसाच बसला. संध्याकाळी सहानंतर उर्मिला कुठूनही आली, भाजी घेऊन, लायब्ररीतून, शेवटी शेवटी तपासणी करून, की तो हेच म्हणायचा. छत्तीस वर्षं. सहा वर्षं तो सत्तर देशांत खुर्चीवर बसून हेच म्हणत होता, आणि ही बिल्डिंग त्याला हसत होती.

"बर्फाच्या देशात डास कुठून येणार?" तो म्हणाला.

"आम्हीपण हेच विचारलं होतं. ताई म्हणाल्या, ते त्याला विचारा."

दशरथच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्याने घसा साफ केला.

"आणि ती?"

"ती कोण?"

"ती बाई हो. एवढी चालून आलेली. तो असं म्हणाल्यावर ती काय करायची?"

आता कोणी हसत नव्हतं. निशिगंधाने ओढणीने डोळे पुसले.

"दार लावायची, काका," ती म्हणाली. "आतून."

दशरथने हातातला कागद चौघडी घालून खिशात ठेवला. नीलमने त्याच्यापुढे थाळी सरकवली. त्याने वडा घेतला, पण खाल्ला नाही.

"अजून एका पुस्तकाचा शेवट सांगा," तो म्हणाला. "सावकाश."