नीरलगट्टीचा ताम्रपट

पद्मनाभला त्या ताम्रपटाबद्दल काहीच मोल नको होतं, आणि तिथंच मला पहिला संशय आला.

दाजीबानपेठेत त्याचं कापडाचं दुकान होतं आणि उणकलच्या पुढं नीरलगट्टीला शेत. शेतालगतच्या टेकाडावर आठशे वर्षांपूर्वी घटिका होती, म्हणजे त्या काळचं महाविद्यालय, असं माझे वडील वीस वर्षं सांगत आले होते. अप्पा धारवाडला इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. पुरावा म्हणाल तर तिथल्या देवळातला एक फुटका शिलालेख. त्यात घटिका आहे, आचार्य आहेत, तर्क आणि गणित शिकणारे विद्यार्थी आहेत. गावाचं नाव मात्र तुटलेल्या तुकड्याबरोबर गेलेलं. तिथं एक वीटही कधी सापडली नव्हती. लोक हसत.

१९३६ च्या हिवाळ्यात पद्मनाभ ताम्रपट घेऊन आला. विहीर खणताना मिळाला म्हणाला. त्यात गावाचं नाव होतं. आचार्यांना दिलेल्या जमिनीच्या चारी सीमाही होत्या.

"तुमच्या हातात शोभतो, अप्पा. आम्हां कापडवाल्यांना काय कळतंय?"

त्याला पुष्कळ कळत होतं. त्या सीमांच्या आत गावाचं गायरान येत होतं. आपण त्या आचार्यांचे वंशज, म्हणून गायरान आपलं, असा त्याचा गावाशी दावा चालू होता. रविवारी अप्पांचं व्याख्यान होतं. ताम्रपट खरा आहे असं त्यांनी तिथं म्हटलं, की कोर्टातही त्यांचा शब्द चालणार होता.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. पत्रा नाकाशी धरला, तर हिरव्या थराला आंबूस वास, शिर्का लावून चढवलेल्या हिरव्याला येतो तसा.

"अप्पा, याला पाण्याचा एक थेंब लावून बघू?"

"तुला जिथं तिथं प्रयोगशाळा दिसते, कुसुम. आठशे वर्षं जमिनीत पाणीच लागलं की त्याला."

"म्हणून तर म्हणते. इतक्या पाण्यानं न गेलेलं हिरवं एका थेंबानं जायला नको."

अप्पांनी पत्रा उपरण्यात गुंडाळला. "शनिवारी बघू."

शनिवारी सकाळची शाळा संपवून मी भिंग घेऊन घरी आले. ताम्रपट देवघरात ताम्हनाशेजारी होता, लखलखीत.

"आई! हे कुणी घासलं?"

"मीच की. देवाजवळचं तांबं हिरवं ठेवतात होय? चिंच लावली, एका हातात निघालं बघ."

"पण देवाजवळ ठेवला कुणी?"

"पद्मनाभ आला होता सकाळी. यांच्याकडून मागून घेतला, पवित्र वस्तू आहे अक्का, म्हणाला, आणि फूल वाहून ठेवून गेला."

आई शनिवारी देवाची भांडी घासते, हे आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं.

"आणि अप्पा कुठं होते?"

"इथंच, झोपाळ्यावर."

मी झोपाळ्याकडे वळले. अप्पा सुपारी कातरत होते.

"जाऊ दे ग. आता काय तपासणार?" ते म्हणाले. आवाजात हळहळ नव्हती. सुटल्यासारखा आवाज होता, आणि तो मला पद्मनाभपेक्षा जास्त खटकला.

मी पत्रा खिडकीशी नेला, भिंग लावलं. जमिनीत मुरलेलं तांबं नुसतं वरून हिरवं होत नाही, आतून खाल्लं जातं. हिरवं काढलं की खाली देवीच्या वणांसारखे खड्डे उरतात. इथं एकही वण नव्हता. अक्षरांच्या कडा धारदार होत्या.

"बघा," मी म्हटलं.

"मला बारीक दिसत नाही आता."

"मग बोट फिरवा."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला नाही.

"उद्या सभेत विचारशील?" ते म्हणाले.

"नाही. तुम्ही काय म्हणता ते ऐकेन. तुमच्या शब्दावर गावाची गुरं गायरानातून हाकलतील, एवढंच."

"आणि माझी घटिका?"

मी ताम्रपट त्यांच्याजवळ झोपाळ्यावर ठेवला.

रविवारी सभागृह भरलं होतं. पद्मनाभ पहिल्या रांगेत, जरीकाठी उपरणं घेऊन. मी बायकांच्या बाजूला. अप्पांनी शिलालेख वाचला, विद्यार्थी कुठून येत असावेत, काय शिकत असावेत ते सांगितलं. मग पाण्याचा घोट घेतला.

"एक ताम्रपट सापडल्याचं तुम्ही ऐकलं असेल. तो मी पाहिला. तो जुना नाही."

पद्मनाभ अर्धवट उठला. "अप्पा, अहो, परवा तर तुम्हीच—"

"परवा मला तो हवा होता." अप्पांचा हात टेबलाच्या कडेवर होता. "नीरलगट्टीला घटिका होती असं मला आजही वाटतं. दाखवायला माझ्याजवळ काही नाही."

मागून एका वकिलाचा आवाज आला, "मग आम्हांला बोलावलंत कशाला, मास्तर?"

सभागृह हसलं. पद्मनाभ रांगेतून पाय तुडवत बाहेर गेला, त्याच्यामागे आणखी तिघं-चौघं. अप्पांनी दार मिटेपर्यंत वाट पाहिली.

"शिलालेखाच्या तिसऱ्या ओळीकडे परत येऊ," ते म्हणाले.