आपल्यातला दवाखाना

नवरा, वेंकट, गेल्यापासून रंजनीच्या तोंडात एकच शब्द उरला होता: बरं.

तेराव्याला कोणाकोणाला बोलवायचं ते राममूर्तीने ठरवलं, ती म्हणाली बरं. वेंकटची स्कूटर राममूर्तीच्या जावयाला द्यायची ठरली, बरं. लोक म्हणत, बाई धीराची हो, डोळ्यांतून टिपूस नाही. धीर कसला आलाय! तिला काही जाणवतच नव्हतं. कॉफी प्यायल्यावर साखर घातली होती की नाही हे तिला पेल्याच्या तळाशी पाहून ठरवावं लागे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई, आता भाजीवाला देईल ते सुटे पैसे न बघता पिशवीत टाकत असे.

राममूर्ती म्हणजे वेंकटचा चुलतभाऊ. कुळातला मोठा, आवाजानेही मोठा. त्याच्या धाकट्या मुलीचं, सौम्याचं, लग्न तोंडावर आलं होतं, आणि नेमकं तेव्हाच रंजनीच्या भव्याचं रक्त तळाला गेलं. भव्या तिची एकुलती एक. आयटी कंपनीत दिवसभर स्क्रीनसमोर बसायची आणि घरी परतताना मेट्रोच्या जिन्यावर दोनदा थांबून धापा टाकायची. लोहाच्या गोळ्या पोटात ठरेनात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता शिरेतून लोह द्यायला हवं.

"कुठेही घ्या," त्या म्हणाल्या, "पण जिथे डॉक्टर त्या वेळी हजर असेल तिथेच घ्या. रिॲक्शन क्वचित येते, पण आली तर वाट बघायला वेळ नसतो."

त्यांच्या हॉस्पिटलात जागा होती ती लग्न उरकल्यावरची. भव्या चार रात्री फोनवर दवाखान्यांचे तारे आणि शेरे वाचत बसली. एकीकडे जाहिरातच जास्त, दुसरीकडे फोन कोणी उचलेना. शेवटी राममूर्तीचा फोन आला आणि सगळं शोधकाम एका फुंकरीत विझलं.

"परक्याकडे कसाला जावं? आमचा गुंडो हाय की नुंगंबाक्कमात! सलाईनचंच दुकान घातलंय त्यानं. आपल्यातला हाय. पोरगी लग्नांत ताठ उभी राहिली पायजे."

गुंडो हा राममूर्तीच्या बायकोचा भाचा. आणि आपल्यातला म्हटलं की विषय संपला. तंजावरहून आलेल्या आमच्या मराठी घरांचा हा जुना नेम आहे. स्वयंपाकी हवा, वकील हवा, जावई हवा, आधी विचारायचं, आपल्यातला कोण आहे? तो सापडला की पुढे काही विचारायचं नाही. विचारलं तर त्याचा अपमान, आणि अपमान झाला की पुढची तीन लग्नं कोणी कोणाकडे जेवत नाही. चेन्नईत आपली घरं ती किती, त्यांत वाकडं घेऊन राहणार कोणाशी?

"बरं," रंजनी म्हणाली. भव्याने आईकडे पाहिलं आणि फोन बाजूला ठेवला.

दवाखाना एका साड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होता. काचेचं दार, मोगऱ्याचा वास यंत्रातून येणारा, पाय पसरून बसायच्या मऊ खुर्च्या. दारावर कुणा डॉक्टरांचं नाव होतं, त्यापुढे पदव्यांची शेपटी. आत पिवळ्या, गुलाबी सलाईनच्या पिशव्या टांगल्या होत्या. एक कांती उजळण्यासाठी, एक थकवा घालवण्यासाठी. माणसं लस्सी प्यायला यावीत तशी येत होती.

गुंडोने वाकून नमस्कार केला. "या मामी, या! जेवण होलं?" भव्याला त्याने खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. एक तरुण मुलगी ट्रे घेऊन आली, तिने भव्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि शीर चाचपू लागली. भव्या शेजारच्या भिंतीकडे बघत होती. रंजनीही बघत होती, पण काय, ते तिलाच सांगता आलं नसतं.

शेजारच्या खुर्चीत सुती साडीतली एक तमिळ बाई बसली होती, थकलेली, पायांवर सूज. तिने तमिळमध्ये विचारलं, डॉक्टर आहेत ना इथे?

"आतच आहेत, अम्मा," गुंडोने तमिळमध्येच मिठ्ठास उत्तर दिलं आणि मागच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. "आत्ता येतील."

मग तो रंजनीकडे वळला, आणि हसत घरच्या मराठीत म्हणाला, "बघा मामी, काय काय विचारतात हे लोक. डॉक्टर गांवाबाहेर कोवलमला हाय, तिथल्या रिसॉर्टांत. संध्याकाळीं येऊन सह्या करतो. ही पोरगी सुई घालण्यांत बेस हाय. तुमी आपल्यातल्या मनून सांगतों."

यात त्याला काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर वाटावं असं आपल्या रीतीत काही नव्हतंच. आमच्या लोकांना मराठी याच कामाची. साडीच्या दुकानात, बसमध्ये, शेजाऱ्यांसमोर, जे चारचौघांना कळू नये ते मराठीत बोलायचं. भव्या लहानपणी मराठी शिकली ती एवढ्यासाठीच. आणि मराठीत ऐकलेलं बाहेर तमिळमध्ये सांगायचं नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"सगळं बेस हाय, मामी," गुंडो म्हणाला. "तुमी बसा."

सगळं बेस हाय. हेच, वर्ष होत आलं त्याला, वेंकटच्या शेवटच्या रात्री राममूर्ती म्हणाला होता, हॉस्पिटलच्या बाकड्यासमोर उभा राहून. डॉक्टर त्याला बाजूला घेऊन तमिळमध्ये कितीतरी वेळ बोलले होते, आणि त्यातलं तिच्यापर्यंत मराठीत एवढंच आलं होतं. सगळं बेस हाय, तू घरीं जा, निज. ती बरं म्हणाली होती आणि घरी गेली होती. वेंकट पहाटे गेला, तेव्हा ती घरी होती.

मुलीने कापसाने भव्याचा हात पुसला. सुईचं टोपण निघालं.

"थांब," रंजनी म्हणाली. तमिळमध्ये.

तिचा आवाज वर्गातला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. मुलीचा हात थबकला.

"डॉक्टर कोवलममध्ये आहेत," रंजनी तमिळमध्येच म्हणाली, मोठ्याने, शेजारच्या बाईकडे बघून. "त्या दाराआड कोणी नाही. ते संध्याकाळी येतात. यांनीच मला आत्ता सांगितलं. माझ्या मुलीला काही झालं तर इथे कोण आहे?"

शेजारची बाई खुर्चीत उठून बसली. गुंडोचा चेहरा पांढरा पडला. "मामी!" तो मराठीत कुजबुजला. "परक्यांपुढे? मी आपल्यातल्या मनून बोललों!"

"पट्टा सोड," रंजनी त्या मुलीला म्हणाली, आणि तिने सोडेपर्यंत जागची हलली नाही.

भव्याला घेऊन ती जिन्यात आली आणि पायरीवरच बसली. पाठोपाठ ती तमिळ बाईही उतरून गेली, जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून. पर्समध्ये फोन वाजू लागला. राममूर्ती. गुंडोने उशीर केला नव्हता.

"आपल्या घरचं नाव घालवलंस तू!" तो ओरडत होता. "आणि भव्याचं काय आतां? लग्न..."

"भव्या हॉस्पिटलांत जाईल. त्यांनी दिलेल्या दिवशीं," रंजनी म्हणाली. "तोवर घरींच निजेल. लग्नाला नाही यायची."

"असं कसं? मी सांगतों, तू..."

"नक्को," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

भव्या तिच्या शेजारी टेकली. दंडावर पट्ट्याचा लाल वळ अजून होता. एरवी आईशी तमिळच बोलणारी मुलगी, ती खाली बघत घरच्या मराठीत म्हणाली, "अम्मा, मज लई भें वाटत होतं."

"मग सांगितलीस कसाला नाही?"

"तू बरं मनलीस मनून."

रंजनीने तिचा तो हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, आणि तिला रडू आलं. वेंकटच्या वेळी न आलेलं सगळं रडू त्या जिन्यात आलं, मोठ्याने, तोंडाला पदर न लावता. साड्यांच्या दुकानात जाणारी माणसं थांबून बघत होती. तिने त्यांना बघू दिलं.