सरूबाईचा नवस

रामनाथ गेल्यापासून त्याची बायको रत्ना रडली नाही, हे आणे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दहाव्याला आलेल्या बायकांनी तिला पोटाशी धरून हलवून पाहिलं. तिची आई पारगावहून आली आणि लेकीच्या पाठीवर हात फिरवता फिरवता स्वतःच हंबरडा फोडून बसली. रत्ना नुसती बसून राहिली. कुणी पाणी दिलं की प्यायची, कुणी ऊठ म्हटलं की उठायची. भाकरी थापायची, गोठा झाडायची, समृद्धीची वेणी घालून तिला शाळेत धाडायची. कुठलं काम अडलं नाही. कामाच्या आत जे काही असतं ते मात्र कुणीतरी काढून नेल्यासारखं झालं होतं. आणि नेलं तर नेलं, असंच तिला वाटायचं.

म्हणूनच संक्रांत होऊन गेल्यावर सासूबाई, सरूबाई, एके संध्याकाळी चुलीपुढं म्हणाल्या, "रत्ना, मला मुंबईला जायचंय. हाजीअलीला चादर घालायचीय. तू संगं चल," तेव्हा ती "बरं" म्हणाली. का, कशाला, काही विचारलं नाही.

विचारलं ते सासऱ्यांनी. गेणभाऊ उंबऱ्यापाशी तंबाखू मळत बसले होते. त्यांचा हात थांबला.

"कशाची चादर? लेकासाठी नवस केलास, अन् लेक तर गेला. आता फेडायचं काय त्यात?"

"माझं मी बघन. तुमी तेवढं पोरीला संभाळा."

गेणभाऊंनी रत्नाकडं पाहिलं. रत्ना तव्यावरची भाकरी उलटत होती.

रामनाथ पिकअप चालवायचा. पठारावरचा कांदा आळेफाट्याच्या बाजारात नेऊन टाकायचा. दिवाळीनंतर एकदा गाडी दुरुस्तीला टाकली म्हणून मोटारसायकलवर निघाला आणि घाटात खडीवरून घसरला. डोक्याला मार लागला. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी पुढं न्या म्हणून सांगितलं. बहीण जया मुंबईत लालबागला दिलेली, तिच्या नवऱ्यानं धावपळ करून तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात जागा मिळवली. रामनाथ काचेच्या आत नळ्यांमध्ये पडून राहिला आणि ही मंडळी बाहेरच्या बाकड्यावर. सरूबाईंना तिथं बसवेना. मग जयाच त्यांना एका गुरुवारी हाजीअलीला घेऊन गेली, आणि पुढं त्या रोज एकट्या जाऊ लागल्या. शेवटी रामनाथ गावाला आला तो अँब्युलन्समधून, पांढऱ्या चादरीत गुंडाळून.

आळेफाट्यावर मुंबईची एसटी पकडून दोघी निघाल्या. सरूबाईंच्या मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी आणि लसणाची चटणी. ओतूर गेलं, मढ गेलं, माळशेज घाट लागला. याच घाटानं रत्ना त्या दिवशी अँब्युलन्समधून वर आली होती. सासू पुढं ड्रायव्हरशेजारी आणि ती मागं नवऱ्यापाशी. दर वळणाला त्याचं डोकं कलंडायचं आणि ती दोन्ही हातांनी ते सरळ धरायची. तेव्हा तिच्या मनात एवढंच होतं, की मान अवघडेल. आज तिनं खिडकीतून पाहिलं. कठड्यावर माकडं बसली होती. एका माकडिणीच्या पोटाला पिल्लू होतं. मागं कुणीतरी ओकलं. घाट संपला.

परळला उतरून त्यांनी टॅक्सी केली. जयाला सुट्टी मिळाली नव्हती. काम सुटल्यावर परतीच्या गाडीवर, एसटी स्टँडला भेटते म्हणाली होती. टॅक्सीतून उतरून सरूबाईंनी समुद्राकडं पाहिलं आणि त्या पिशवी पायाशी ठेवून खालीच बसल्या.

वाटच नव्हती. समोर पाण्यात पांढरा दर्गा उभा होता, घुमट, मनोरा सगळं जागच्या जागी. त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता मात्र समुद्रानं गिळला होता. पलीकडं नव्या सागरी रस्त्यावरून मोटारी सुसाट पळत होत्या.

"भरती आहे, आजी," फुलवाली म्हणाली. "दुपार कलली की पाणी उतरेल. बसा निवांत."

तिच्याकडून सरूबाईंनी हिरवी चादर घेतली, जरीच्या काठाची. दोन-तीन चादरी उलगडून पाहिल्या, बोटांनी कापड चाचपलं. लग्नाच्या बस्त्याला बसल्यासारख्या त्या निवडत होत्या. मग दोघी कठड्याच्या सावलीला बसल्या. आणखीही माणसं खोळंबली होती. एक बाई कडेवरच्या बाळाला केळं भरवत होती. दोन कॉलेजच्या पोरी फोटो काढत होत्या.

रत्नानं भाकरीचं फडकं सोडलं, सासूपुढं ठेवलं. सरूबाईंनी तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"तू मला इचारलं न्हाईस," त्या म्हणाल्या. "समद्यांनी इचारलं. तू न्हाई."

"काय इचारू?"

"चादर कशाची म्हून."

सरूबाई पाण्याकडं बघत बोलू लागल्या.

"जयीनं आणलं तवा मी हितं हात जोडले. म्हनले, बाबा, माझ्या रामनाथाला आण्याला घरी येऊ दे, तुला हिरवी चादर घालीन. रोज त्येच. घरी येऊ दे, घरी येऊ दे." त्यांनी तुकडा परत फडक्यात ठेवला. "जित्ता येऊ दे, असं म्हनायचं सुचलंच न्हाई मला. अन् आला ना तो घरी. त्यानं त्याचं केलं. आता मी नगं का करायला?"

रत्नाच्या कानांवर सगळं पडलं. हे ऐकून छातीत काहीतरी व्हायला पाहिजे, हे तिला कळत होतं. ती वाट पाहत राहिली. काही झालं नाही. समोर पाण्यातून रस्त्याची कड थोडी वर आली होती आणि तिच्यावर एक बगळा येऊन बसला होता.

"चटणी ऱ्हाऊ द्या, तिखट झालीय," ती म्हणाली. "नुसती भाकर खा."

पाणी उतरलं तशी माणसं ओल्या रस्त्यावरून चालू लागली. शेवाळ होतं. रत्नानं सासूचं मनगट धरलं. वाटेत डबकी राहिली होती, त्यांत प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. कडेला मागणारे बसायला लागले होते. एकाला पायच नव्हते, तो पाणी उतरताच सगळ्यांआधी इथवर कसा आला असेल, असं रत्नाच्या मनात येऊन गेलं. कुठून तरी पेटीवर गाणं चाललं होतं.

आत पायऱ्यांपाशी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला. बायकांच्या बाजूला गर्दी होती. अत्तराचा, गुलाबांचा आणि घामाचा वास. जाळीपाशी दर्ग्याचा एक पांढऱ्या दाढीचा सेवेकरी, खादिम, उभा होता. हातातला मोरपिसांचा कुंचा तो वाकलेल्या डोक्यांवरून फिरवत होता आणि चादरी घेऊन आत देत होता. सरूबाईंचा नंबर आला.

"मन्नत का चादर है, माँजी? पूरी हुई?"

सरूबाईंनी तोंड उघडलं. दोन्ही हातांत चादर घट्ट धरलेली आणि ओठ नुसते हलत होते. मागच्या बायका पुढं रेटू लागल्या.

रत्नानं त्यांच्या हातांतून चादर सोडवून घेतली आणि खादिमापुढं धरली.

"पुरी झाली," ती म्हणाली. "यांचा मुलगा आजारी व्हता. घरी आला."

खादिमाचा चेहरा उजळला. खरोखरचा आनंद झाला त्याला. त्यानं कुंचा सरूबाईंच्या डोक्यावर टेकवला, मग रत्नाच्या. "माशाल्लाह. लंबी उमर हो उसकी." मुठीतली फुलं आणि साखरेचे दाणे त्यानं सरूबाईंच्या पदरात घातले आणि तो पुढच्या बाईकडं वळला. आत कुणीतरी हिरवी चादर कबरीवर पसरली. लगेच तिच्यावर दुसरी लाल चादर आली.

दर्ग्याच्या मागं खडक आहेत. तिथं माणसं वाऱ्याला बसतात. सरूबाई चालत तिथवर गेल्या आणि बसल्या. मग म्हणाल्या, "लंबी उमर म्हनला ना गं तो?"

"हो."

"चांगला मानूस व्हता."

रत्ना उभीच होती. ती बोलली तेव्हा तिचा आवाज बाजारातला भाव सांगावा तसा सपाट होता.

"आत्या, तुमी जित्ता म्हनला असता तरी तो आला नसता. पहिल्याच दिशी डॉक्टरनं मला आत बोलावलं व्हतं. म्हनले, मेंदू गेलाय, मशीनवर हाय तवर हाय. तुमी हितं पहिल्यांदा आलात त्याच्या आधीच."

सरूबाईंनी मान वर केली. "पहिल्याच दिशी?"

"हो."

"अन् तू कुनाला बोलली न्हाईस?"

"न्हाई."

"मी रोज येत व्हते इथं. उन्हातानाची. पाय सुजले व्हते माझे. तू रोज मला बसमदी बसवून देत व्हतीस, रत्ना! रोज!" त्यांचा आवाज चढला. शेजारचं जोडपं वळून बघू लागलं. "मी आई हाय त्याची. मला सांगायला नगं?"

"तुमी परत आल्यावर च्या प्यायचात," रत्ना म्हणाली. "बाकी दिवसभर काय खात न्हवता. म्हून न्हाई सांगितलं."

सरूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या, हमसून, मोठ्यानं, गावाकडं मयताला रडतात तशा. इथं कुणी कुणाला थांबवत नाही. माणसं नजर वळवून आपापल्या बोलण्याला लागली. रत्ना त्यांच्या शेजारी बसली. काय करावं ते न सुचून तिनं सासूच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. हाताखाली म्हातारीची पाठ हलत होती, ऊब लागत होती. एवढं तिला कळलं.

रडणं ओसरल्यावर सरूबाईंनी नाक शिंकरलं. "म्हंजे माझ्या बोलण्यामुळं न्हाई गेला तो."

"न्हाई."

"हे तू घरी सांगितलं असतंस ना, तर ही पायपीट झाली नसती," त्या म्हणाल्या. पण आता रागानं नाही. पुढं म्हणाल्या, "चादर घातली त्ये बरंच झालं. तिखट असू दे, ती भाकर काढ. चटणी पन."

त्या खात असताना फोन वाजला. गेणभाऊंचा होता, पण पलीकडं समृद्धी.

"आई, समुद्र दिसला? कसा हाय?"

रत्नानं समोर पाहिलं. ऊन उतरलं होतं. पाणी खडकांवरून मागं सरत होतं आणि परत येत होतं. दूर एक जहाज होतं, हलत नसल्यासारखं.

"मोठा हाय," ती म्हणाली.

"अजून?"

रत्ना तशीच फोन कानाला लावून बसली. पोरगी "आई, आई" करत राहिली. तेव्हा सरूबाईंनी चटणीचे हात पदराला पुसले आणि तिच्या हातून फोन घेतला.

"काय गं माझे बाय? आगं, आपलं पठार हाय ना, कांद्याची रानं दिसत्यात तिथवर, त्याच्या पल्याडपर्यंत समदं पानीच. अन् मधी रस्ता, तो सकाळी बुडतो अन् दुपारी निघतो..."

त्या सांगत राहिल्या. रत्ना ऐकत होती. पोरगी पलीकडं काहीतरी विचारत होती आणि म्हातारी हसून उत्तर देत होती. भाकरीचा शेवटचा तुकडा फडक्यात राहिला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून रत्नानं फडक्याची गाठ मारली आणि पिशवी जवळ ओढून घेतली. जयाला गाडीवर यायला अजून वेळ होता.