बापाच्या पसंतीचं पिस्तूल

माझा भाऊ एमेट लेकीसाठी पिस्तूल घ्यायला निघाला, तेव्हा मी आपणहून त्याच्या पिकअपमध्ये जाऊन बसले. त्याने मला बोलावलं नव्हतं. आमच्याकडे बाईने अंगावर बाळगायचं हत्यार घरातला पुरुषच पसंत करतो, गाडीचे टायर करतो तसं. बाई बरोबर जाते आणि फार तर रंग सांगते.

लीटा आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती, डावा हात मांडीवर सांभाळून. तिच्या नवऱ्याने, त्या कॉयने, तो हात गाडीच्या दारात धरून वरून दार लावलं होतं. दवाखान्यात तिने पायरीवरून पडले म्हणून सांगितलं. हाड जुळलं, पण मनगटातला जोर गेला तो गेलाच; लोणच्याच्या बरणीचं झाकण तिला उघडत नव्हतं. ती घर सोडून बापाकडे आली, तशी कॉयने निरोप पाठवला, जिथे दिसशील तिथे गाडीन. शेरीफ म्हणाला, नुसता बोललाय, केलं कुठे काय? म्हणून पिस्तूल. त्या पिस्तुलावर पोरीचा जीव अवलंबून होता, आणि हे गाडीतल्या तिघांनाही नीट ठाऊक होतं.

डबचं बंदुकांचं दुकान गावाच्या टोकाला, खाणावळीला लागून आहे. मला बघितल्याबरोबर त्याने दात काढले.

"काय ओडेसाबाई, आज कुणाचा टायर फोडायचाय?"

कॉय एकदा माझ्या अंगणात येऊन शिवीगाळ करत होता, तेव्हा मी त्याच्या गाडीच्या टायरात गोळी घातली होती. गावाला ती गोष्ट अजून पुरते आहे.

"तुझ्या जिभेला पुरेल एवढी एक गोळी दे आधी," मी म्हटलं.

"तायडे, गप बस," एमेट म्हणाला. "डब, पोरीला कमरेला लपेल असं दाखव. चपटं पाहिजे. शर्टाखाली फुगवटा दिसता कामा नये."

डबने काचेवर चार-पाच मांडली. एमेटने प्रत्येक उचललं, हातात तोललं, भिंतीवरच्या हरणाच्या डोक्यावर नेम धरला. लीटाच्या हातात त्यातलं एकही दिलं नाही. शेवटी त्याने सगळ्यांत लहान, सगळ्यांत चपटं निवडलं आणि म्हणाला, "हे. मुठीत मावतं. बायकी आहे, पण काम चोख."

मग डबने ते लीटाकडे सरकवलं. "स्लाइड ओढून बघ, बाळ."

असल्या पिस्तुलाचा वरचा लोखंडी भाग एका हाताने मागे ओढून सोडावा लागतो, तेव्हा पहिली गोळी नळीत चढते. तोवर ते नुसतं लोखंड. लीटाने उजव्या हातात मूठ धरली, डाव्या बोटांनी स्लाइड पकडली आणि ओढली. स्लाइड नखभर हलली आणि परत बसली. तिने पुन्हा ओढली. तिच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. डबने पोटाशी धरायला सांगितलं, उलटी पकड दाखवली, सगळे प्रकार झाले.

"लहान पिस्तुलाची स्प्रिंग कडकच असते," डब म्हणाला.

"एमेट, तिला रिव्हॉल्व्हर घे," मी म्हटलं. "माझ्यासारखं. त्यात ओढायचं काही नाही. गोळ्या कायम भरलेल्या, चाप दाबला की झालं. तिचा उजवा हात चांगला आहे."

"रिव्हॉल्व्हर म्हाताऱ्या बाया वापरतात."

"म्हणून तर त्या म्हाताऱ्या होईपर्यंत जगतात!"

डब हसला. एमेट हसला नाही. चार लोकांत कुणी त्याची चूक काढली की त्याची मान ताठ होते, ती मग काही केल्या वाकत नाही. लहानपणी याने उलटं खोगीर घालून घोडा पळवला होता आणि आपटल्यावर म्हणाला होता, मला असंच उतरायचं होतं.

"माझी मुलगी आहे ती," तो म्हणाला. "सवयीने जमेल. हेच बांधून दे."

बापाच्या शब्दाबाहेर लीटा कधीच गेली नाही. तिने लग्न केलं तेही बापाला कॉय आवडला होता म्हणून. "मर्द गडी आहे," म्हणाला होता एमेट.

दुकानामागे नेमबाजीची जागा आहे. तिथे एमेट स्वतः स्लाइड ओढायचा, गोळी चढवायचा आणि तयार पिस्तूल तिच्या हातात द्यायचा. पोरीचा नेम मात्र खरंच चांगला. कागदावर सगळी भोकं बशीएवढ्या जागेत. एमेटने तो कागद घडी करून खिशात घातला आणि पुढचा आठवडाभर खाणावळीत तळलेल्या माशाबरोबर गावाला वाढला. "बघा, माझी पसंती!" लोक म्हणायचे, वा एमेट. पिस्तुलाचं कौतुक झालं, पसंतीचं झालं. पोरीचं नाव कुणी काढलं नाही.

यावरही तोड होती. सकाळी कुणीतरी गोळी चढवून द्यायची आणि तिने ते तसंच कमरेला लावायचं. पण आमच्या घरात बापजाद्यांपासून नियम, बाईने नळीत गोळी ठेवून फिरायचं नाही. कुठल्याशा काकूने म्हणे स्वतःचाच पाय फोडून घेतला होता. तिचं नाव कुणाला सांगता येत नाही, पण नियम आहे. एमेट रोज सकाळी दाराशी उभा राहून तिचं पिस्तूल तपासायचा, नळी रिकामी आहे ना म्हणून.

मी माझं रिव्हॉल्व्हर गुपचूप तिच्या पर्समध्ये टाकलं. दुसऱ्याच दिवशी जेवताना एमेटने ते काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"माझ्या छपराखाली माझ्या पसंतीचं चालेल," तो लीटाकडे बघून म्हणाला. "नसेल चालत तर कॉयचं घर उघडंच आहे."

मी राहते तो ट्रेलरही त्याच्याच जमिनीवर उभा आहे, तेव्हा ते मलाही होतं. लीटाने खाली बघून बटाटे संपवले. मला त्या क्षणी त्याच्या तोंडावर ताट फेकावंसं वाटलं. मी फेकलं नाही, कारण त्याने राग काढला असता तिच्यावर.

मग रोज सकाळी व्हरांड्यात तालीम. ती ओढायची, आणि हा खुर्चीत कॉफी पीत बसायचा.

"ओढ! तुझी आई असती तर दातांनी ओढलं असतं."

"बाबा, नाही होत."

"होत नाही म्हणणाऱ्याचं कधीच काही होत नाही. चल, परत."

मनगट सुजायचं. ती त्यावर बर्फ धरायची आणि नाणी टाकून कपडे धुवायच्या त्या दुकानात कामाला जायची.

कॉय तिथेच आला, भर दुपारी. ती मागच्या अंगणात कचरा टाकायला गेली होती. पुढचं मला लीटाने त्याच दिवशी शेरीफच्या कचेरीत सांगितलं, आणि नंतर जितक्यांदा विचारलं तितक्यांदा शब्द न बदलता तेच सांगितलं. कॉय गाडीतून उतरला. तिने पिस्तूल काढलं. तो थांबला. ती स्लाइड ओढायला लागली. नखभर हलली, परत बसली. पुन्हा तेच. कॉय आधी बघत राहिला आणि मग त्याला जे हसू फुटलं, ते आवरेना.

"अगं, हे तुला कुणी घेऊन दिलं? म्हाताऱ्याने?"

तो चालत आला आणि त्याने तिच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं, पोराच्या हातातलं खेळणं काढावं तसं. खाडकन स्लाइड ओढली. आणि परत तिच्या हातात ठेवलं.

"घे. आता आपण सारखे. थांब इथेच, माझी घेऊन येतो." आणि सीटमागची रायफल काढायला तो गाडीकडे वळला.

त्याला वाटलं, ही काही करणार नाही. एवढी वर्षं तिने केलं नव्हतंच. लीटाने त्याच्या पाठीत दोन गोळ्या घातल्या. त्यातली एक पुरली असती. कॉयसाठी माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नाही आणि येणारही नाही.

पण गोळ्या पाठीत होत्या, आणि बघणारं कुणी नव्हतं. लीटाची वकील पेटिग्रूबाई माझ्या ट्रेलरमध्ये येऊन स्पष्ट बोलली. "पिस्तूल त्याने तयार करून दिलं हे पटलं, तर तो रायफल आणायला निघाला होता हेही ज्युरीच्या पंचांना पटेल, आणि पोरगी सुटेल. स्लाइड तिनेच ओढली असं ठरलं, तर तिने पाठमोऱ्या माणसाला ठरवून मारलं. सगळं एवढ्यावर आहे, की तिला ती स्लाइड ओढता येत होती का?"

सरकारी वकिलाने कोर्टात तेच चघळलं. "गाडीत रायफल या गावात कुणाच्या नसते? आणि स्वतःला मारायला पिस्तूल तयार करून देणारा माणूस तुम्ही पाहिलाय?" लीटाला पंचांसमोर स्लाइड ओढून दाखवायला लावलं. नाही ओढली गेली. "न जमण्याचं सोंग कुणालाही जमतं," तो म्हणाला. दवाखान्याचा कागद सांगत होता, पायरीवरून पडली, हाड पूर्ण जुळलं. डब म्हणाला, दुकानात इतकी माणसं येतात, कोण काय करत होतं कसं आठवणार? गिऱ्हाइकाला न झेपणारं पिस्तूल विकलं असं कुठला दुकानदार शपथेवर सांगेल! मी सगळं सांगितलं, तर मला टायरची गोष्ट विचारली, आणि पंच हसले. त्या हसण्यात माझी साक्ष वाहून गेली.

राहिला एमेट. त्या सकाळी मी त्याच्यापुढे अंडी ठेवली आणि त्याचा हात धरला. आयुष्यात मी त्याचा हात असा कधी धरला नव्हता.

"एमेट, एकच वाक्य. तिला जमत नव्हतं, एवढंच बोल. खोटं नाही बोलायचंय, खरंच बोलायचंय."

"बरं," तो म्हणाला.

कोर्टात खाणावळीतली सगळी मंडळी आली होती. डब पुढच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर ठेवून. एमेट अंत्यविधीचा कोट घालून उभा राहिला आणि त्याने शपथ घेतली.

पेटिग्रूबाईने मायेने विचारलं, "पिस्तूल तुम्ही निवडलंत?"

"मी निवडलं."

"तुमच्या मुलीला त्याची स्लाइड ओढता येत होती का?"

तो लीटाकडे नाही, बाकांकडे बघत होता. मला त्याची ताठ झालेली मान दिसली.

"माझी मुलगी आहे ती," तो म्हणाला. "मी शिकवलंय तिला. ती कुणाहून कमी नाही. तिला सगळं जमतं."

पेटिग्रूबाईने पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. त्याने तेच उत्तर दिलं, अजून मोठ्याने. मागच्या बाकावर कुणीतरी कौतुकाने मान हलवली.

परतताना गाडीत मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी काय सांगायला हवं होतं? मला पिस्तुलातलं कळत नाही म्हणून?" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभाला धगही लागली नव्हती, जळाली होती ती पोरगी. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही, आणि त्याच्या मयतालाही जाणार नाही.

स्लाइड तिनेच ओढली असं पंचांनी धरलं आणि लीटाला शिक्षा झाली. मी तिला तुरुंगात भेटायला जाते. मध्ये काच असते आणि बोलायला फोन. पहिल्या भेटीला मला वाटलं, बापाच्या नावाने बोटं मोडेल. मी तयारीने गेले होते, मीही चार शिव्या घालणार होते. तिने फोन कानाला लावला. चेहरा उतरला होता, पण डोळ्यांत काहीतरी वेगळंच होतं. शाळेतून बक्षीस घेऊन आल्यावर ती अंगणात बापाची वाट बघत बसायची, तेव्हा असायचं तसं.

"आत्या," ती म्हणाली, "बाबा काय म्हणाले ऐकलंस ना? सगळ्यांसमोर? मला सगळं जमतं म्हणाले."

"ऐकलं गं," मी म्हटलं.